सोळा नंबरवर

भद्रकालीत याकूबभाईच्या गाळ्यावर
पंख्याच्या मोटारी आणि तांब्याच्या गुंडाळ्यांमध्ये
हा सेट पडला होता,
दारूखान्यात तोडलेल्या कुठल्या तरी बोटीचा.
"रेडिओ आहे, पण गाणी नाही लागत," तो म्हणाला
आणि साडेसहाशे सांगितले.
मी चारशे दिले.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या,
लाल अधिकला, काळी वजाला, मध्ये फ्यूज,
आणि सातपूरच्या आमच्या गॅलरीत
कोरफडीच्या कुंडीशेजारी
केशरी आकडा उजळला : १६.

वृंदानं सुट्टीत शिकवलं होतं, जेवता जेवता,
ताटापुढे वाट्या मांडून.
ही वाटी आवाजाची. ही स्क्वेल्चची.
स्क्वेल्च पूर्ण उघडला की नुसती खरखर,
कढईत जिरं टाकल्यासारखी.
मग हळूहळू फिरवायचं,
खरखर तुटते तिथं थांबायचं.
"त्याच्या पुढे गेलात ना पप्पा,
तर लांबून बारीक आवाजात बोलणारं माणूसही
खरखरीबरोबर बंद होतं."
हे मला लगेच कळलं.
अठ्ठावीस वर्षं लेथवर काढली मी.
टूल जॉबला शिवतं
ते आधी मनगटाला कळतं, डोळ्याला मागाहून.

बाकीचं वहीत लिहून घेतलं.
सोळा नंबर सगळ्यांचा. तिथं फक्त हाक मारायची,
उत्तर आलं की दुसऱ्या चॅनेलवर सरकायचं,
उंबऱ्यात गप्पा मारत वाट अडवायची नाही.
बंदरात एक वॅट पुरे, लांबच्यासाठी पंचवीस.
माइक तोंडापासून चार बोटं.
कळ दाबायची, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं.
कळ दाबलेली असते तोवर आपल्याला काही ऐकू येत नाही.
ही ओळ मंगलला वाचून दाखवली.
ती म्हणाली, ही तुमच्यासाठीच लिहिलीय.
ओव्हर म्हणजे आता तू बोल. आउट म्हणजे संपलं.
दोन्ही एकदम म्हणतात ते सिनेमात.

झाकणाखालचं लाल बटण
मी अजून उघडून पाहिलेलं नाही.
त्याच्यासाठी वृंदानं वाटी मांडली नव्हती.
पाण्याचा पेला उचलून म्हणाली होती,
"आणि हे. पाच सेकंद दाबून धरायचं,"
आणि पाणी पिऊन टाकलं.

दुसरी पाळी संपवून आलो की मी सेट लावतो.
अँटेना नाही. तशीच कळ दाबली तर सेट जळेल.
अँटेना लावली तरी परवाना नाही.
आणि परवाना असता तरी काय,
ह्या लहरी साधारण नजर पोचेल तेवढ्याच जातात,
माझी नजर पांडवलेणीच्या डोंगराला अडते.

परवा तिचा मेसेज आला :
काकीनाड्याबाहेर नांगर टाकलाय, चार दिवस तरी जागा नाही,
ब्रिजवर सोळा ऐकत बसलेय.
मंगलनं फोनवर नकाशा काढला,
बोटानं मोठा केला, पुन्हा लहान केला.
मग म्हणाली,
"अहो, आपली गोदावरी तिथंच जाते की!"
जाते.
पण मध्ये नांदूरमधमेश्वर, मग जायकवाडी,
मी सांगायला लागलो,
दारं कधी उघडतात ते पाटबंधारेवाल्यांना विचार,
शिवाय उन्हाळ्यात आवर्तन...
"कळ सोडा आता," ती म्हणाली.

सोडली.
समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी मिक्सर चालू होता.
ती लसूण सोलत बसली, मी खुर्ची सरकवली.
झोपायची वेळ झाली म्हणून मी बटण फिरवत
खरखर पार मिटवून टाकली,
तर तिनं लसणाचा हात पदराला पुसला
आणि बटण
केसभर मागे आणलं.